मुदतीची गाडी

"म्हणजे मुदतीच्या तापासारखी मुदतीची गाडी," आई म्हणाली. तिला भाडेपट्ट्याची कल्पना समजावून सांगताना माझी पुरती दमछाक झाली होती. गाडी आपल्या दारात उभी राहणार, आपणच चालवणार, विमा आणि देखभाल कंपनीकडे, दरमहा ठरलेले भाडे, आणि ठरलेले महिने संपले की गाडी परत. एवढे सगळे ऐकून घेऊन तिने विषमज्वराच्या एका उपमेत ते बसवून टाकले. लहानपणी तिला तो ताप आला होता. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस, मग कुणी काही करो. मराठीत एम. ए. करून वीस वर्षे विद्यार्थ्यांना उपमा आणि उत्प्रेक्षेतला फरक शिकवणाऱ्या मला ती सुचली नव्हती.

प्रसंग साधा होता. आमची जुनी पेट्रोलची गाडी थकली होती. माझे महाविद्यालय घरापासून चौतीस कि.मी.वर आहे, आणि दोन वर्षांपूर्वी श्रीरामपूरचे बिऱ्हाड आवरून आईबाबा आमच्याकडे राहायला आल्यापासून बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. चार तास यंत्राला जोडलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला क्लचचा हिसका आणि पेट्रोलचा वास दोन्ही सोसत नाही, हे मला अनुभवाने कळले. एका सहकाऱ्याच्या विजेच्या गाडीतून बाबा एकदा घरी आले आणि वाटेत झोपले. त्या झोपेनेच गाडीचा प्रकार ठरवला. पर्यावरणाची काळजी वगैरे कारणे मी नंतर इतरांना सांगितली; तीही खोटी नाहीत, पण ती नंतरची आहेत.

विकत घ्यायची नाही, हेही लवकर ठरले. मुलगी दहावीत आहे, पुढच्या शिक्षणाचा पैसा हलवायचा नव्हता. शिवाय विजेच्या गाडीची पाच वर्षांनी काय किंमत येईल, हे छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस आम्हांला भेटला नाही. तेव्हा भाडेपट्टा. कंपनीचा तरुण प्रतिनिधी घरी आला, चहा घेतला, आणि टेबलावर एक कागद ठेवून गेला. त्यावर सगळे छापलेले होते. फक्त एक चौकोन रिकामा होता. त्याच्यावर लिहिले होते, 'मुदत (महिन्यांत)'. खाली तीन पर्याय : २४, ३६, ४८.

तो चौकोन भरायला आम्हांला सात आठवडे लागले.

मुदत हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि असा रुळला की त्याचे परकेपण कुणाच्या लक्षातही येत नाही. मुदतठेव, मुदतवाढ, मुदतबाह्य औषध, मुदतपूर्व प्रसूती, मुदतीचा ताप : बँकेपासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत तो सगळीकडे आहे, आणि जिथे आहे तिथे एक शेवट आधीच ठरलेला आहे. करार हा शब्दही तिकडचाच. मुळात त्याच्यात ठरण्याबरोबर स्थिर होण्याचा, निवांत होण्याचाही अर्थ आहे. हिंदी गाण्यांतले सगळे 'बेकरार' प्रेमिक त्याच धातूचे. सही केली की माणूस निवांत होतो, ही त्या भाषेची समजूत असावी. असो. आमच्या घरात त्या कागदाने कुणीही निवांत झाले नाही.

नवऱ्याने संगणकावर तक्ता मांडला. तो तक्ते मांडतो. मी याद्या करते. आमच्या संसाराची ही श्रमविभागणी आहे. दोन वर्षांसाठी दरमहा ४१,५०० रुपये, तीन वर्षांसाठी ३५,८००, चार वर्षांसाठी ३२,९००. मुदत जितकी लांब तितके महिन्याचे भाडे कमी, हे मला सुरुवातीला औदार्य वाटले. ते औदार्य नाही. गाडीची किंमत पहिल्या वर्षी सर्वांत जास्त उतरते आणि मग उतार मंदावतो. भाडे म्हणजे मुख्यतः हा उतार अधिक गुंतलेल्या रकमेचे व्याज. दोन वर्षांत गाडी परत दिली तर सगळा तीव्र उतार आपल्या वाट्याला येतो, चार वर्षे ठेवली तर तो अधिक महिन्यांवर पसरतो. मात्र एकूण बेरीज पाहावी : २४ महिन्यांचे ९,९६,००० आणि ४८ महिन्यांचे १५,७९,२००. "एवढ्यात जवळजवळ गाडीच येते," नवरा म्हणाला, "आणि शेवटी हातात काहीच राहात नाही." मी म्हटले, "चार वर्षं राहते ना." त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो पुन्हा तक्त्याकडे वळला.

यात खरे भाकीत कंपनीला करावे लागते, हे मला उशिरा उमगले. मुदतीच्या शेवटी गाडीचे मूल्य किती उरेल, हा आकडा आज धरूनच भाडे ठरते. पेट्रोलच्या गाडीबाबत तिच्यापाशी अनेक दशकांचा अनुभव असतो. विजेच्या गाडीबाबत जेमतेम काही वर्षांचा. टाटांची विजेवरची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती आणि प्रमाणित चाचणीतला पल्ला ३१२ कि.मी.चा. २०२४ मध्ये त्याच नावाची गाडी ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी आणि ४८९ कि.मी.चा पल्ला घेऊन आली. (दोन्ही आकडे चाचणीतले, रस्त्यावर त्यातून बरेच वजा करावे लागतात.) पाच वर्षेही झाली नव्हती. २०२० ची गाडी बिघडली नव्हती, कदाचित उत्तम चालतही असेल. पण तिची धाकटी बहीण दीडपट चालते हे विकत घेणाऱ्याला माहीत असते. वस्तू झिजण्याआधी जुनी होते, असा हा प्रकार आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो अपरिचित नसावा.

बॅटरीचे प्रत्यक्ष झिजणेही आहेच. निस्सानची लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती, आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात तिची क्षमता लवकर घटू लागल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये गाजल्या. ज्यांनी गाडी विकत घेतली होती ते अडकले. ज्यांनी तीन वर्षांच्या पट्ट्याने घेतली होती त्यांनी किल्ल्या परत दिल्या. आता बहुतेक चारचाकींच्या बॅटरीला शीतकरणाची व्यवस्था असते, आणि आठ वर्षे किंवा १,६०,००० कि.मी.ची हमी आपल्याकडे सर्रास मिळते. २०२५ मध्ये टाटांनी काही गाड्यांच्या बॅटरीला पहिल्या मालकापुरती 'आजीवन' हमी देऊ केली. आजीवन म्हणजे कुणाच्या जीवनापर्यंत, हा प्रश्न भाषेच्या शिक्षकाला पडणारच. तिथे आजीवन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तेवढेच तिचे आयुष्य. कुठल्याही शब्दकोशात आजीवन या शब्दापुढे आकडा लिहिलेला नाही.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते जनरल मोटर्सच्या 'ईव्ही-१' या गाडीने. १९९६ च्या अखेरीस ती कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातल्या निवडक ग्राहकांना मिळू लागली. पण विकत नव्हे, केवळ भाडेपट्ट्याने. एकूण अकराशेच्या आसपास गाड्या बनल्या. मग कंपनीने कार्यक्रम गुंडाळला आणि मुदत संपेल तशा गाड्या परत घेतल्या. चालवणाऱ्यांनी मुदतवाढ मागितली, विकत मागितल्या, मिळाल्या नाहीत. २००३ मध्ये त्यांनी गाडीची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. २००५ च्या सुरुवातीला बर्बँक येथे उरलेल्या गाड्यांच्या आवाराबाहेर दिवसरात्र पहारा दिला, पैसे मोजायची तयारी दाखवली. तरी बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या. थोड्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना मिळाल्या, बहुतेक चालू न शकणाऱ्या अवस्थेत. २००६ मध्ये ख्रिस पेन यांनी त्यावर माहितीपट केला. तो पाहून मी नवऱ्याला म्हटले, मुदतीच्या शेवटी आपल्याला गाडी हवीशी वाटली तर? तोवर आम्ही फक्त ती नकोशी झाली तर काय याचाच विचार करत होतो. त्याने प्रतिनिधीला फोन केला. शेवटी विकत घेण्याचा पर्याय होता, पण किंमत 'त्या वेळच्या मूल्यांकनानुसार'. आम्ही ती आज लिहून मागितली. याला तीन आठवडे गेले.

बाबांची प्रतिक्रिया वेगळीच होती. भाडेपट्टा हा शब्द ऐकताच त्यांनी विचारले, "आपण खंडाने देतोय की घेतोय?" घेतोय म्हटल्यावर ते निश्चिंत झाले. त्यांच्या आजोळची जमीन खंडकऱ्यांपैकी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी खासगी साखर कारखान्यांना ठरावीक मुदतीच्या खंडाने जमिनी दिल्या. मुदती संपल्या, जमिनी परत आल्या नाहीत. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, जमिनी सरकारकडे गेल्या, १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले. आणि प्रत्यक्ष वाटप सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. देणारे केव्हाच गेलेले, नातवंडे-पतवंडे सातबाऱ्याच्या रांगेत. तेव्हा देणाऱ्याने मुदतीवर विश्वास ठेवू नये, घेणाऱ्याने ठेवावा, असे त्यांचे साधे गणित होते.

खंड या शब्दाशी माझाही एक जुना हिशेब आहे. नोकरीत कायम होण्याआधी मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर आणि तात्पुरत्या नेमणुकांवर शिकवले. सत्र संपले की नेमणूक संपे. मध्ये काही दिवसांचा सेवाखंड, मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच ज्ञानेश्वरीचे तास. ज्या खोलीत भाड्याने राहात होते तिचा करारही अकरा महिन्यांचा. अकराच का, असे मी एकदा घरमालकांना विचारले होते. त्यांना सांगता आले नाही. वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने सक्तीची, ती टाळायची म्हणून अकरा. पुढे १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने महाराष्ट्रात अशा प्रत्येक कराराची नोंदणी बंधनकारक केली, मुदत कितीही असो. तरी अकरा काही सुटले नाहीत. कारण गेले, संख्या उरली. त्या नऊ वर्षांत अकरा महिन्यांपलीकडचे काहीही ठरवायची माझी हिंमत झाली नाही : कपाट घेतले नाही, पुस्तके खोक्यांतच ठेवली. त्यामुळे छत्तीस किंवा अठ्ठेचाळीस महिन्यांच्या चौकोनात आकडा लिहिताना माझा हात अडखळतो आहे, असे मी सुरुवातीला स्वतःला सांगत होते.

ते पूर्ण खरे नव्हते. हात अडखळत होता तो नवऱ्याच्या तक्त्यातल्या एका ओळीपाशी.

वार्षिक अंतराची मर्यादा निवडायची होती, १५,००० कि.मी. की २०,०००, मर्यादा ओलांडली की प्रत्येक कि.मी.ला दंड. म्हणून त्याने ओळी पाडल्या होत्या. महाविद्यालय : रोज ६८ कि.मी., वर्षातले २१० दिवस, १४,२८०. रुग्णालय : जाऊन येऊन २६ कि.मी., आठवड्यातून दोनदा, बावन्न आठवडे, २,७०४. पहिल्या वर्षाच्या रकान्यात आकडा लिहून त्याने तो उजवीकडे ओढला. संगणकाने दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी तोच भरला. २,७०४, २,७०४, २,७०४, २,७०४. महाविद्यालयाच्या ओळीकडे पाहताना मला काही वाटले नाही. रुग्णालयाच्या ओळीत चौथ्या वर्षीचा आकडा तसाच ठेवणे म्हणजे डॉक्टरांनीही जे सांगितलेले नाही ते गृहीत धरणे. आणि तो खोडणे म्हणजे काय, ते लिहायची गरज नाही. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांची मुदत मला सर्व दृष्टींनी पटत होती : तंत्रज्ञान बदलतेय, मुलगी बारावी होऊन कदाचित बाहेरगावी जाईल, हातात मोकळीक राहील. तरीही दोन हा आकडा जेवणाच्या टेबलावर मोठ्याने उच्चारणे मला जमेना. चार म्हणावे तर ते लाडीगोडीचे वाटे. मग मी बॅटरीविषयी आणखी वाचायला घेई. त्या सात आठवड्यांत मला लिथियमच्या रसायनशास्त्राची जी माहिती झाली, तिचे श्रेय या टाळाटाळीला आहे.

एके रविवारी बाबांनी तक्ता मागितला. कागदावर छापून दे, म्हणाले. जिल्हा सहकारी बँकेत त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली, त्यातली निम्मी मुदतठेवींच्या खिडकीवर. चष्मा लावून त्यांनी पेन्सिलीने बेरजा तपासल्या. संगणकाच्या बेरजा ते नेहमीच तपासतात. मग रुग्णालयाच्या ओळीवर पेन्सिल थांबली. मी उठून पाणी आणायला निघाले.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "डॉक्टर तीनदा करायचं म्हणताहेत. आठवड्याला तीन धर. चार हजार छप्पन्न होतात."

त्यांनी पेन्सिलीने तो आकडा चारही रकान्यांत लिहिला. बेरीज १८,३३६ झाली. "वीस हजारांची मर्यादा घ्या. पंधरामध्ये बसत नाही."

नंतर त्यांनी विचारले, मुदतीआधी मोडली तर? ते कलम आम्ही वाचले होते, पण त्यावर बोललो नव्हतो. पहिले बारा महिने मोडता येत नाही. त्यानंतर उरलेल्या भाड्याच्या निम्मे भरायचे. बाबांनी विसाव्या महिन्यात मोडली असे धरून तिन्ही हिशेब मांडले. विसावाच का, हे मी विचारले नाही. चार वर्षांच्या करारात ४,६०,६०० रुपये दंड, तीनच्यात २,८६,४००, दोनच्यात ८३,०००. "चारची नको. मोडायला फार महाग."

"मग दोनची?" मी विचारले. शब्द निघून गेला.

"का?" ते म्हणाले. "माझे चार हजार छप्पन्न, तुझे चौदा हजार दोनशे ऐंशी. गाडी तुझी आहे. तू तीन वर्षांत नोकरी सोडणार आहेस का?"

नाही, म्हटले.

"आमच्या खिडकीवर म्हातारी माणसं यायची पाच-पाच वर्षांची ठेव ठेवायला. नवीन आलेला एक कारकून त्यांना सांगायचा, आजोबा, एक वर्षाची ठेवा. मी त्याला रागावलो होतो. ठेवीची मुदत ठेवीदाराच्या वयावरून ठरवायची नसते, पैसे कधी लागणार यावरून ठरवायची. आपण फक्त वारसाचा रकाना भरून घ्यायचा."

मी इतके आठवडे त्या एका ओळीचा तक्ता करून बसले होते. मुलांना मी शिकवते की कथेत जे पात्र बोलत नाही त्याच्याकडे लक्ष द्या. घरात मात्र ज्यांच्याविषयी सगळे मूग गिळून होते त्यांना विचारावे, हे मला सुचले नाही. आपण त्यांना वाचवतो आहोत अशी माझी समजूत होती.

छत्तीस महिने आणि २०,००० कि.मी. असा करार झाला. शेवटी विकत घेण्याची किंमत आजच लिहून मिळाली; ती फार वाटते, पण लिहिलेली आहे. गाडीची नोंदणी कंपनीच्या नावावर, पाटी हिरवी. गाडी आली त्या दिवशी आईने चाकांखाली लिंबे ठेवली. परक्याच्या गाडीची पूजा करावी का, अशी शंका नवऱ्याने काढली; तिने त्याला उत्तर दिले नाही.

याला आता पाच महिने झाले. रुग्णालयाच्या वाहनतळावर, बाबा आत असतात ते चार तास, मी गाडीत बसून उत्तरपत्रिका तपासते. इंजिनाच्या घरघरीशिवाय गार हवा मिळते, आणि बॅटरी त्यात फारशी उतरत नाही. दर शनिवारी घरी आल्यावर बाबा पुढच्या काचेतून वाकून अंतराचा आकडा पाहतात आणि बँकेने कधीकाळी दिलेल्या एका जुन्या डायरीत लिहून ठेवतात. गेल्या महिन्यापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस झाले आहेत. नवऱ्याने संगणकातल्या तक्त्यात ४,०५६ भरले, तिन्ही रकान्यांत.